मे महिन्यात हिरवी भाजी? हो, डब्यात!

मुलांनो, आपल्या वर्ध्याचा उन्हाळा तुम्हाला वेगळा सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. नवतपा लागला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. बाजारात पालेभाजी येते ती कोमेजलेली आणि महाग. पण लोह, 'अ' आणि 'क' जीवनसत्त्व वाढत्या मुलांना बाराही महिने हवंच ना? मग गच्चीवर, ओट्यावर, खिडकीत दोन-चार डबे भाजी लावू या!

डब्यातल्या रोपाची सर्वांत मोठी अडचण कोणती, ओळखा बरं! शेतात मुळं खोल जातात. तिथली माती गार असते. डबा मात्र चारी बाजूंनी तापतो आणि मुळांना पळायला जागाच नसते. म्हणून उन्हाळ्यात एकच लक्षात ठेवायचं : मूळ गार ठेवा.

फुटकी बादली, जुनं टोपलं, तेलाचा रिकामा डबा, काहीही चालेल. वीतभर खोल हवं. फक्त रंगाचा किंवा कीटकनाशकाचा डबा घ्यायचा नाही, बरं का! बुडाला चार-पाच भोकं मोठ्या माणसांकडून पाडून घ्या. पत्र्याच्या डब्याला बाहेरून चुना लावा किंवा पोतं गुंडाळा. डबा दोन विटांवर ठेवा. म्हणजे तापलेल्या स्लॅबची धग लागत नाही आणि जास्तीचं पाणीही निघून जातं.

आता माती. आपली काळी माती ओली झाली की चिकट होते आणि वाळली की भेगाळते. ती नुसती भरू नका. एक घमेलं माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत आणि अर्धं घमेलं रेती एकत्र करा.

पेरायचं काय? मेथी, पालक आणि सांबार ही थंडीची मंडळी. उन्हाळ्यात ती लवकर फुलावर येतात. त्यांना दिवाळीनंतर बोलवा. उन्हाळ्यात माठ, तांदुळजा, घोळ आणि मायाळू लावा. माठ आणि तांदुळजा पानांत अन्न तयार करतात ते ज्वारी-मक्याच्याच खास रीतीनं. म्हणून कडक उन्हात आणि थोड्या पाण्यातही ते वाढतात. मायाळूची तर नुसती कांडी खोचली तरी वेल खिडकीच्या गजांवर चढतो.

माठाचं बी अगदी बारीक असतं. ते मूठभर रेतीत मिसळून भुरभुरवा आणि वर मातीचा पातळ थर द्या. चार-पाच दिवसांत कोंब दिसतात. दाटी झाली तर काही रोपं उपटा, त्यांचीही भाजी होते! साधारण महिन्याभरात भाजी तयार. ती मुळासकट उपटू नका, वरून खुडा. म्हणजे पुन्हा फुटवे येतात.

पाणी सकाळी लवकर घाला. बोट पेरभर मातीत खुपसून पाहा. कोरडं लागलं तरच घाला. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं नको. मातीवर वाळका पाला पसरा आणि दुपारी अकरा ते चार डब्यावर जुन्या लुगड्याची सावली धरा.

पानांचं मोल वर्ध्यात फार पूर्वी ओळखलं गेलं. १९३५ साली मगनवाडीत राहत असताना गांधीजींनी जेवणात कच्च्या हिरव्या पानांचा प्रयोग केला आणि 'हरिजन' साप्ताहिकात त्याविषयी लिहिलं. त्यांत मुळ्याचा आणि गाजराचा पालाही होता. आपल्याकडे तो पुष्कळदा फेकला जातो! पालकांनो, तो स्वच्छ धुऊन भाजीत घाला. ताटात लिंबाची फोडही ठेवा. त्यामुळे पानांतलं लोह अंगी जास्त लागतं.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. सारखे दोन डबे घ्या. एकाला चुना लावा, दुसरा तसाच ठेवा. दोन्हींत माठ पेरा. बाईंकडून शाळेतला थर्मामीटर मागून घ्या आणि आठवडाभर दुपारी दोन वाजता दोन्ही डब्यांतल्या मातीचं तापमान वहीत लिहा. फरक किती अंशांचा निघाला? आणि माठ कोणत्या डब्यात चांगला आला?