नद्यांचा हिशेब, भाग 6 : पाऊस घाटावर, पाणी बदलापुरात

27 जुलै 2019 च्या पहाटे मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात अडकली. हजारावर प्रवाशांना एनडीआरएफ आणि नौदलाच्या पथकांनी दिवसभर खपून बाहेर काढलं. उल्हास नदी पात्र सोडून रुळांपर्यंत आली होती, आणि तिच्यातलं बरंचसं पाणी बदलापुरात पडलेलंच नव्हतं. ते वरून आलं होतं.

वरून म्हणजे कुठून? राजमाचीच्या दरीतून, खंडाळ्याच्या कड्यांवरून, माथेरानच्या पूर्व उतारावरून. कर्जतपासून बदलापूर रेल्वेने जेमतेम 32 किलोमीटर. घाटावर पाऊस कोसळतो, ओढे भरतात, नेरळ-वांगणीचं पाणी त्यात मिसळतं आणि बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातली माणसं सामान माळ्यावर टाकू लागतात. कधी कधी तोवर बदलापुरात उघडीपही असते. म्हणून माझं ठाम मत आहे की बदलापूरचा पूर घाटमाथ्यावर मोजायला हवा, आणि तोही तासातासाला.

सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजून चोवीस तासांचा आकडा लिहायची आपली जुनी पद्धत आहे. हवामानाच्या अभ्यासाला हा आकडा सोन्यासारखा; पुराचा इशारा द्यायला मात्र तो अपुरा. 200 मिलिमीटर दिवसभर रिमझिमत पडले की तीन तासांत, हे त्यातून कळत नाही. नदीला कळतं. एक चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 कोटी लिटर पाणी. जूनमध्ये यातलं पुष्कळ पाणी तहानलेली माती पिऊन टाकते. जुलैअखेरीस माती तुडुंब असते, खाली काळा कातळ, उतार उभा. मग जवळजवळ सगळं पाणी खाली धावतं. म्हणून पावसाच्या आकड्याशेजारी तारीखही वाचावी लागते.

स्वयंचलित पर्जन्यमापकात छोट्या तराजूसारखी दोन भांडी असतात. ठरावीक पाणी साठलं की एक भांडं कलंडतं, दुसरं पुढे येतं आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद होते. यंत्र साधं, पण घाटात त्याचे हाल होतात. कड्यावरचा वारा थेंबांना आडवं नेतो आणि यंत्र खऱ्यापेक्षा कमी पाऊस सांगतं. नळीत पानं अडकतात, शेवाळ धरतं. दिवसेंदिवस ऊन नाही, त्यामुळे सौर पट्टीवरची बॅटरी उतरते. नेमक्या मुसळधार रात्री मोबाइलची रेंज जाते. दर पंधरवड्याला वर चढून ते साफ करणारा माणूस नसेल, तर यंत्र नुसतं उभं राहतं. रडारची मदत होते, पण त्याच्या किरणालाही डोंगर आडवे येतात, आणि डोंगराआड ढग किती ओततोय ते नीट दिसत नाही.

शिवाय एकट्या माथेरानच्या आकड्यावर भागत नाही. त्या डोंगराच्या पूर्वेचं पाणी उल्हासला मिळतं, पश्चिमेचं पनवेलकडे जातं. सर कोणत्या अंगाला पडली यावर बदलापूरची रात्र ठरते. माथ्यावर, मधल्या उतारावर आणि पायथ्याशी, अशी तिन्ही ठिकाणी मापकं हवीत. त्यांच्या जोडीला कर्जत आणि नेरळजवळच्या पुलांवर पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं. पाऊस येऊ घातलेलं पाणी सांगतो. पुलावरची पातळी निघालेलं पाणी सांगते. दोन्ही आकडे काही पावसाळे शेजारी शेजारी ठेवले की घाटावरच्या किती पावसानंतर बदलापुरात पाणी किती वेळात आणि किती चढतं, हे बांधता येतं.

अंबरनाथ आणि उल्हासनगरची गोष्ट वेगळी. तिथली वालधुनी मलंगगडाच्या बाजूच्या डोंगरांतून येते, अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराला लागून वाहते आणि दाट वस्तीतून कल्याणजवळ उल्हासला मिळते. नदी आखूड, पात्र आवळलेलं. डोंगरात सर आली की हातात फार थोडा वेळ उरतो, आणि खाडीला भरती असेल तर खालचं पाणीही तुंबतं. इथे तासाचा आकडाही उशिराचा. दर पंधरा मिनिटांची नोंद डोंगराच्या पायथ्यापासून थेट नाल्याकाठच्या वस्तीतल्या भोंग्यापर्यंत पोचायला हवी, मधे कुणाच्या सहीसाठी न थांबता.