अकालप्रसूत बालक आणि मातेची ऊब

आठव्या मासात ओज अस्थिर असते, म्हणून त्या मासातील प्रसव प्राचीन आचार्यांनी चिंतेचा मानला. आधुनिक गणनेत ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेले बालक अकालप्रसूत होय. त्याच्या त्वचेखाली मेद अत्यल्प, त्यामुळे ऊब टिकत नाही. चोखणे, गिळणे व श्वास यांचा मेळही साधारण ३४ व्या आठवड्यापर्यंत बसत नाही.

अशा घरची आजी औषधालयात येऊन प्रथम बाळगुटी आणि मध मागते. ते देऊ नये, हे सांगण्याचे धैर्य वैद्य व औषधविक्रेते दोघांनीही दाखवावे. (गिऱ्हाईक दुखावेल, ही भीती मलाही वाटत असे.) चाटण श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो, मधातील जंतुबीजांमुळे बोट्युलिझम होऊ शकतो, म्हणून वर्षापर्यंत मध कोणत्याच बालकास नको.

मग द्यावे काय? मातेची छाती. १९७८ साली बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी ऊबपेट्यांच्या टंचाईत हा मार्ग अवलंबिला. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. १ ते १.८ किलोच्या आतील बालकांपैकी ज्यांना जन्मतःच ही ऊब लाभली, त्यांत २८ दिवसांतील मृत्यू शेकडा १२ होते. प्रकृती स्थिरावल्यावर ती दिलेल्यांत १५.७. अर्थात हे रुग्णालयातील उपचारांसह घडले. तेव्हा बालकास विनाविलंब तिकडे पाठवावे, आणि वाटेतही ते शक्यतो मातेच्या उघड्या छातीशी, वरून पांघरूण व डोक्यास टोपडे घालून न्यावे.