कुतचे कैदी आणि त्यांची नावे

श्रोतेहो, रणांगणावर पडलेल्या वीराचे पोवाडे आपण गातो. पण जो लढता लढता कैद झाला आणि शत्रूच्या मुलखात उपासमारीने नाहीतर तापाने गेला, त्याचे काय? अशा शिपायांची ही हकिगत आहे.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांशी लढायला आजच्या इराकात गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. तैग्रिस नदीच्या वळणावर कुत-अल-अमारा हे गाव आहे. तिथे डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी या फौजेला वेढा घातला. तो जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपत आले, तेव्हा घोडे मारून खायची पाळी आली. पुष्कळ हिंदी शिपायांनी धर्माला भिऊन तेही बरेच दिवस नाकारले. सोडवायला निघालेली फौज पोचू शकली नाही. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंड शरण गेले आणि सुमारे १३ हजार माणसे कैद झाली.

पुढचे हाल वेढ्याहून वाईट. सेनापतींची सोय इस्तंबूलजवळच्या एका बेटावर झाली. साध्या शिपायांना मात्र समारापासून मोसुलमार्गे रास-अल-ऐनपर्यंत भर उन्हात पायी हाकलले. वाटेत जो खाली बसला, तो बहुधा उठला नाही. जे पोचले त्यांतल्या पुष्कळांना बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले. तिथेही ताप, हगवण आणि अपुरे अन्न. हजारो कैदी परत आलेच नाहीत.

ज्यांची कबर ठाऊक नाही, अशा ४० हजारांहून अधिक जणांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला मोठे स्मारक उभे राहिले. पण त्यात मेख होती. गोऱ्या शिपायाचे नाव दगडावर कोरले. हिंदी पलटणींतल्या फक्त अधिकाऱ्यांची नावे घातली, बाकी शिपायांचा नुसता आकडा. युद्धकबरींची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने अशा भेदभावाबद्दल २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली.

आणि आपल्याकडे तरी काय? गावोगावी त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतके गेले, इतके कामी आले, एवढेच बहुधा त्यांवर असते. कोण गेले, ते नसते.

पण नाव घरात सापडू शकते, बरं का! मृताच्या घरी सरकारने काशाची बशीएवढी गोल चकती दिली होती. तिच्यावर हुद्दा नसतो, नाव असते. पदकाच्या कडेवरही नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत असते.

गुरुजी, मुलांना घरोघर पाठवा. म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून नावे वहीत उतरवू द्या. आयोगाची दप्तरे आता इंटरनेटवर फुकट पाहता येतात. तिथल्या नोंदीत कधी कधी बापाचे नाव आणि गावही सापडते. इंग्रजी लेखनात आपली नावे फार बिघडलेली असतात, म्हणून दोन-चार तऱ्हांनी शोधा. मग ती यादी पंधरा ऑगस्टला शाळेत मोठ्याने वाचा. ऐकणाऱ्यांत त्यांच्यापैकी कुणाचा पणतू बसलेला असेल.