निवांतपणाचा दस्तऐवज

छायाचित्रात उमटलेला पहिला माणूस कोण, असे विचारले की बहुतेक इतिहासकार एकाच चित्राकडे बोट दाखवतात. १८३८ साली लुई दागेरने पॅरिसमधल्या बुलव्हार द्यू ताँप्ल या रस्त्याचे उंच खिडकीतून छायाचित्र घेतले. रस्ता वर्दळीचा होता, पण चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत. तेवढ्या वेळात जे जे हलले ते पुसले गेले आणि भर शहरातला रस्ता ओस पडल्यासारखा दिसू लागला. उरला तो कोपऱ्यावर, बुटाला पॉलिश करून घेण्यासाठी एक पाय वर टेकवून उभा असलेला गृहस्थ. तो थांबला म्हणून टिकला. त्याच्या पायाशी वाकलेला पॉलिशवालाही चित्रात आहे. पण त्याचे हात चालू होते, त्यामुळे तो गिऱ्हाइकाइतका स्पष्ट उमटलेला नाही. ज्याला थांबायची सवड होती तो दिसला आणि जो त्याच्यासाठी राबत होता तो धूसर झाला. कॅमेऱ्यातला हा तांत्रिक दोष पुढे दूर झाला. त्यामागची सामाजिक विषमता मात्र रस्त्यावरच्या छायाचित्रणात आजतागायत मुरलेली आहे.

रस्त्यावर किंवा समुद्रकाठी टिपलेले साधे, शांत क्षण आपण एरवी कवितेसारखे पाहतो. कठड्यावर बसलेले वृद्ध जोडपे, वाळूत आडवा झालेला हमाल, चण्याची पुडी हातात धरून लाटांकडे बघणारी मुलगी, अशी चित्रे पाहिली की फोटोग्राफरच्या तरल नजरेचे कौतुक होते. ती नजर खोटी नसते. पण ते चित्र शक्य होण्यासाठी नजरेच्या आधी दोन गोष्टी लागतात. समोरच्या माणसापाशी रिकामा वेळ असावा लागतो आणि तो घालवायला त्याला हटकले जाणार नाही अशी जागा असावी लागते. या दोन्ही गोष्टी निसर्गाने दिलेल्या नाहीत. कुठे कायद्याने, कुठे संपाने, कुठे नगररचनेने त्या मिळवल्या गेल्या आहेत आणि सगळ्यांना सारख्या मिळालेल्या नाहीत. म्हणून अशी छायाचित्रे हळव्या मनाचे उद्गार म्हणून पाहण्याबरोबरच सवडीचा दस्तऐवज म्हणूनही वाचली पाहिजेत, आणि तशी वाचली की ती कलाकृती म्हणूनही अधिक खोल होतात, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

सुरुवातीच्या दशकांत कॅमेऱ्याला रस्ता झेपतच नव्हता. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये, म्हणजे हे तंत्र आपल्याकडे वेळेवर पोचले होते. पण विल्यम जॉन्सनने १८६०च्या दशकात मुंबईतल्या नाना जातीजमातींची जी चित्रमालिका प्रसिद्ध केली, तिच्यातली माणसे शहराच्या दृश्यांपुढे चिकटवलेली आहेत. माणसांचे छायाचित्र वेगळे, जागेचे वेगळे, आणि मग जोडकाम! ती माणसे स्वतःच्या शहरातही पाहुण्यांसारखी उभी दिसतात. हातात धरण्याजोगे कॅमेरे आल्यावर हे बदलले. १८९२ मध्ये लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या पॉल मार्टिन नावाच्या कारागिराने पुडक्यासारखा दिसणारा कॅमेरा काखेत धरून ग्रेट यार्मथच्या वाळूवर आलेल्या लोकांची छायाचित्रे घेतली. कुणी लवंडलेले, कुणी एकमेकांना बिलगून बसलेले, कुणाचेच कॅमेऱ्याकडे लक्ष नाही. समुद्रकाठच्या छायाचित्रणाची ही पहिली मोठी कमाई. आता त्या वाळूवर एवढी साधी माणसे आली कुठून, हे विचारले पाहिजे. १८७१च्या कायद्याने ब्रिटनमध्ये बँक हॉलिडे सुरू झाले आणि रेल्वेच्या स्वस्त सहलींनी कामगारांना किनाऱ्यावर आणून सोडले. मार्टिनच्या काखेतल्या पेटीइतकेच श्रेय त्या कायद्याला आणि त्या तिकिटालाही आहे.

या विधेवर ज्याची छाया सर्वांत लांब पडली, त्या आंरी कार्तिए-ब्रेसाँचेही असेच आहे. १९५२च्या त्याच्या पुस्तकाच्या इंग्रजी नावामुळे ‘निर्णायक क्षण’ ही कल्पना जगभर रुजली आणि एका पिढीची समजूत झाली, की उडी हवेत असताना कळ दाबणे म्हणजे रस्त्यावरचे छायाचित्रण. पण त्याचे १९३८चे मार्न नदीकाठच्या रविवारचे चित्र काढून पाहा. गवताच्या उतारावर चार-पाच ऐसपैस माणसे आपल्याकडे पाठ करून बसली आहेत. जेवण आटोपत आले आहे, बशा रिकाम्या होऊ लागल्या आहेत, एक जण पेल्यात वाइन ओततो आहे, खाली पाण्यात नाव उभी आहे. इथे काहीही निर्णायक घडत नाही. अर्ध्या मिनिटाने कळ दाबली असती तरी चित्राचा आशय तोच राहिला असता. निर्णायक क्षण आला होता तो दोन वर्षे आधी, १९३६ मध्ये. पॉप्युलर फ्रंटच्या सरकारने तेव्हा फ्रान्सच्या कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि आठवड्याच्या कामाचे तास कमी केले. नदीकाठच्या त्या रुंद, निश्चिंत पाठींमध्ये हा कायदा बसलेला आहे. तो ठाऊक नसला तरी चित्र सुंदरच वाटते. ठाऊक असला की त्या सौंदर्याला वजन येते.

मुंबईपुरते पाहायचे तर ही वाट थेट नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापाशी जाते. सत्यशोधक चळवळीतले आणि ‘दीनबंधू’ चालवणारे लोखंडे १८८४ पासून गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून सभा घेत आणि अर्ज करत राहिले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. गिरणगावातल्या एकेका खोलीत माणसे पाळीपाळीने झोपत. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची वळकटी पसरायची. अशा शहरात रविवार मिळाला तरी तो घालवायचा कुठे, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर चौपाटीने दिले. पुढे १९२०नंतर बॅकबेच्या भरावातून मरीन ड्राइव्ह उभा राहिला, तेव्हा लांबलचक कठड्याच्या रूपाने शहराला विनातिकीट बसायची जागा मिळाली. युनेस्कोने २०१८ मध्ये इथल्या आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. माणसे मात्र इमारतींकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करतात आणि फोटोग्राफरला मिळते ती पाठींची रांग. या पाठी नीट पाहिल्या तर शहर वाचता येते. ऑफिसची बॅग मांडीवर घट्ट धरलेला माणूस कठड्याच्या कडेवरच टेकतो, त्याला लोकल गाठायची असते. चपला काढून, पाय पलीकडे सोडून बसलेल्याला आज कुठे जायचे नसते. दोघांमधले अंतर हातभर आहे की वीतभर, यावरून नाते कळते, आणि ते नाते घरी मान्य आहे की नाही याचाही अंदाज येतो.

या शहराला चांगले फोटोग्राफर लाभले. रघुबीर सिंग यांचे मुंबईवरचे रंगीत पुस्तक १९९४ मध्ये आले, केतकी शेठ यांचे ‘बॉम्बे मिक्स’ हे रस्त्यावरच्या कृष्णधवल छायाचित्रांचे पुस्तक २००७ मध्ये, आणि सूनी तारापोरवाला यांनी १९७६ पासून टिपलेली मुंबई ‘होम इन द सिटी’मध्ये एकत्र झाली. रघू राय यांचे १९९५चे चर्चगेट स्थानकाचे चित्र तर प्रसिद्धच आहे: गर्दी धुक्यासारखी वाहते आहे आणि वर्तमानपत्र वाचत थांबलेली माणसे तेवढी स्पष्ट आहेत. दागेरला जे नाइलाजाने करावे लागले, ते राय यांनी शटर मुद्दाम सावकाश ठेवून केले. याउलट बातमीदारीच्या छायाचित्रणाला गिरगाव चौपाटी आठवते अनंत चतुर्दशीला आणि मरीन ड्राइव्ह आठवतो पावसाळ्यातल्या उधाणाला. वर्षातले उरलेले दिवस किनारा बातमीत नसतो. आपल्या शहराचा साधा मंगळवार कसा होता, हे पन्नास वर्षांनी कुणी विचारले तर उत्तर मिळेल ते असल्या बिनबातमीच्या चित्रांमधूनच.

यावर पहिला आक्षेप रसिकांचा. छायाचित्र ही दृश्यकला. प्रकाश, रचना, रिकाम्या जागेचा तोल हे तिचे प्राण. त्यात कायदे आणि संप शोधणे म्हणजे चित्राला समाजशास्त्राची जोडपट्टी लावणे नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे, कारण नुसती माहिती असून चित्र चांगले होत नाही. पण रचना म्हणजे तरी काय? चौकटीत कोण मध्यभागी, कोण कडेला, कोण कापला गेला, याचा निर्णय. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले असतात. जबड्यात जबडा अडकवून त्यांच्या जोड्या केलेल्या असतात आणि त्या दोरीवर टांगलेल्या असतात. मावळतीला त्या रांगा पाहणाऱ्याला नक्षीसारख्या भासतात आणि चित्र ‘शांत’ होते. त्या जोड्या लावणाऱ्या कोळिणीचे हात चौकटीत घेतले तर तोच किनारा कारखाना होतो. एकाची निवांत जागा ही दुसऱ्याची कामाची जागा आहे, हे दाखवायचे की झाकायचे, हा निर्णय रचनेचाच आहे आणि नैतिकही आहे. दोहोंना वेगळे करता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. शांत क्षणांची आवड ही सुखवस्तूंची चैन, आणि दुसऱ्याचे हलाखीचे जिणे त्यात देखणे करून विकले जाते. मार्टिन पार यांनी १९८३ ते १९८५ या काळात लिव्हरपूलजवळच्या न्यू ब्राइटन किनाऱ्यावर कचऱ्यात आइस्क्रीम खाणारी कामगार कुटुंबे भडक रंगांत टिपली, तेव्हा त्यांच्यावर गरिबांची टिंगल केल्याचा आरोप झाला. आपल्याकडे गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर लाखो गिरणी कामगारांपुढे जो रिकामा वेळ उभा राहिला, तो लोखंड्यांनी मिळवलेला रविवार नव्हता. कठड्यावर बसलेला माणूस सुट्टीवर आहे की नोकरी गेलेला आहे, हे पाठीवरून सांगता येत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉइटर?’ या २०११च्या पुस्तकात दाखवून दिले, की मुंबईसारख्या त्यातल्या त्यात मोकळ्या शहरातही बाईला बाहेर असण्यासाठी काहीतरी काम असल्याचे दाखवावे लागते; उगाच रेंगाळण्याची मुभा पुरुषाची. म्हणजे शांत क्षणांच्या चित्रांत एकटी, रिकामी बसलेली बाई कमी दिसली तर तो फोटोग्राफरचा आळस असू शकतो किंवा शहराचा दोष असू शकतो. हा आक्षेप माझ्या मुद्द्याला बळच देतो. निवांतपणा सर्वांना सारखा वाटला असता, तर त्याचा दस्तऐवज ठेवायची गरजच नव्हती.

तिसरा प्रश्न संमतीचा. पॉल मार्टिनचा लपवलेला कॅमेरा आज कौतुकाने सांगता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, २०१५ मध्ये पोलिसांनी मढ-आक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून जोडप्यांना ताब्यात घेतले होते हे विसरता येत नाही. ज्या शहरात दोघांनी एकत्र बसणे एवढ्यानेही अडचणीत येते, तिथे चेहरा दिसणारे एक सुंदर चित्र कुणाच्या तरी घरात वादळ उठवू शकते. विचारून काढले तर क्षण मोडतो, हे खरे. त्यावर मधला मार्ग आहे: आधी टिपावे, मग दाखवावे, नको म्हटले तर पुसावे. चेहऱ्यावाचून भागत असेल तर पाठीवर भागवावे. मार्नकाठच्या चित्रात पाठींनी काय साधता येते ते दिसलेच आहे.

शेवटचा आक्षेप आजचा. प्रत्येकाच्या हातात फोन आहे आणि किनाऱ्याची रोज अगणित छायाचित्रे निघतात. मग वेगळा दस्तऐवज कशाला? पण संख्येने नोंद होत नसते. फोनमधल्या बहुतेक चित्रांत समुद्र मागे असतो आणि काढणारा पुढे. अनोळखी माणसाकडे लक्ष देण्याची सवय त्यातून लागत नाही. फोन प्रत्येक चित्राबरोबर तारीख आणि वेळ आपोआप साठवतो, पण पाठवापाठवीत ती माहिती बहुधा गळून जाते आणि चित्राखाली उरते ‘एकांत’, ‘सांजवेळ’ किंवा ‘विसावा’ असले एखादे शीर्षक. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आणि आपले दिवाळी अंकही हीच शीर्षके वर्षानुवर्षे छापत आले आहेत. त्यांनी चित्राचा अर्थ वाढत नाही, उलट चित्रातला माणूस कुणीही, कुठलाही होऊन जातो. त्याऐवजी जागा, वार, वेळ आणि विचारून कळले असल्यास त्याला तिथे किती वेळ बसता येणार होते, एवढे लिहावे. ‘वरळी, बुधवार, दुपारी साडेतीन, रात्रपाळीआधी’ अशी ओळ खाली असली की तेच चित्र मजुरीच्या दरांबद्दल, घरांच्या आकाराबद्दल आणि शहराने मोकळ्या ठेवलेल्या जागांबद्दल बोलू लागते. फोटोग्राफरला त्यासाठी दोन मिनिटे जास्त थांबावे लागेल आणि समोरच्याशी बोलावे लागेल. संपादकाला कवितेचा मोह आवरावा लागेल. दोघांनी एवढे केले, तर या शहरात निवांतपणा कुणाच्या वाट्याला किती आला, याचा हिशेब पुढच्यांना मांडता येईल.