बॉस्टनचा चहा, भोसल्यांचे घोडे
भंडाऱ्याच्या एखाद्या धान खरेदी केंद्रावर चाळीस किलोची हजारभर पोती म्हणजे काही अप्रूप नाही. 16 डिसेंबर 1773 च्या रात्री अमेरिकेतल्या वसाहतवाल्यांनी बॉस्टनच्या बंदरात बुडवलेला चहा एवढाच होता. 342 पेट्या, वजन सुमारे 92 हजार पौंड. आपल्या मापानं साडेदहाशे पोती!

चहा ईस्ट इंडिया कंपनीचा. लंडनच्या वखारींत तिचा सुमारे 1 कोटी 70 लाख पौंड चहा पडून होता, म्हणजे जवळपास दोन लाख पोती. 1770 च्या दुष्काळात बंगाल उजाड झालेला, कंपनी कर्जात बुडालेली. इंग्लंडच्या सरकारनं तिला 14 लाख पौंड कर्ज दिलं आणि साठा थेट अमेरिकेत खपवायची मोकळीक दिली. चहा उलट स्वस्तच झाला. भांडण होतं ते पौंडामागच्या तीन पेन्स कराचं.

चहा बुडण्याच्या साडेतीन महिने आधी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला होता. पुढे त्यांचे काका राघोबादादा कंपनीच्या आश्रयाला गेले, आणि 1775 मध्ये इंग्रजांची दोन्हीकडे जुंपली: एप्रिलमध्ये अमेरिकेत लेक्सिंग्टनला, मेमध्ये गुजरातेत अडासला.

इंग्रजांविरुद्ध पेशव्यांचे कारभारी नाना फडणविसांनी निजाम, म्हैसूरचा हैदर अली आणि नागपूरकर भोसल्यांची मोट बांधली. वैनगंगेकाठचा हा मुलूख तेव्हा भोसल्यांचा. 1779 च्या दसऱ्याला मुधोजी भोसल्यांचा मुलगा चिमणाजी बंगालच्या रोखानं निघाला. सोबत तीस हजार घोडदळ, असं इतिहासकार लिहितात.

तीस हजार हा आकडा नुसता वाचून डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून हिशेब मांडून पाहिला. घोड्याला दोन मीटर जागा धरून एकामागे एक उभे केले, तर रांग साठ किलोमीटरची. पहिला घोडा भंडाऱ्याला वैनगंगेचं पाणी पितोय, तर शेवटचा अजून नागपूरच्या वेशीवर. दर घोड्याला रोज चार किलो हरभरा धरला, तर दिवसाला तीन हजार पोती लागणार. बॉस्टनच्या अख्ख्या चहाच्या जवळजवळ तिप्पट, आणि तेही रोज. शिवाय वैरण वेगळी.

ही फौज कटकला पोचेपर्यंत पुढच्या वर्षीचा मे उजाडला. घोडे थकले म्हणून नव्हे. मुधोजींचं कंपनीचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जशी आतून बोलणं चालू होतं. 1781 मध्ये हेस्टिंग्जनं तेरा लाख रुपये मोजले आणि बंगालवर न जाताच फौज माघारी वळली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिकडे अमेरिकेत यॉर्कटाऊनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या सात हजारांवर सैनिकांनी शस्त्रं खाली ठेवली.

बॉस्टनच्या पाण्यात गेलेल्या चहाची किंमत 9,659 पौंड होती. दहा रुपयांचा एक पौंड धरला, तर भोसल्यांना न लढण्याचे मिळाले 1 लाख 30 हजार.