रंगाआधी भेग

शब-ए-बरात झाली की रत्नागिरीतल्या मोहल्ल्यांत साफसफाई सुरू होते. राजिवडा असो वा मिरकरवाडा, पडदे धुवायला निघतात, माळे रिकामे होतात आणि रंगाऱ्याचा फोन लागेनासा होतो. आखातात नोकरीला असलेला मुलगा ईदला घरी येणार असतो. तो यायच्या आत भिंती उजळ हव्यात. रंग लागतो, ईद होते आणि पुढच्या पावसाळ्यात तीच भेग त्याच जागी पुन्हा उघडते.

दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो. जांभ्या चिऱ्याची भिंत आणि सिमेंटचा खांब ऊन-पाण्यात सारखे फुगत-आकसत नाहीत, म्हणून दोन्ही जिथे भेटतात तिथे उभी भेग पडते. हल्ली खोलीत जिप्सम बोर्डाचे पार्टिशन किंवा छत करतात. तिथे दोन बोर्डांच्या सांध्यावर टेप न लावता नुसती पुट्टी फासली, की सरळ रेघेत तडा जातो. रंगाचा पातळ थर ही हालचाल पेलू शकत नाही.

यावरचा उपाय थोडा उलटा वाटतो: भेग बुजवण्याआधी ती मोठी करावी लागते. पत्र्याने सैल रंग आणि जुनी पुट्टी खरवडून काढायची, इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खाच करायची आणि धूळ झाडून घ्यायची. प्लास्टरच्या भिंतीत भेगा भरण्याचा लवचीक मसाला भरून वर जाळीची टेप बसवायची. बोर्डाच्या सांध्यावर त्याच कामाचा जॉइंट मसाला आणि टेप लागते. मग पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा रुंद, आणि पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. शेवटी पॉलिश पेपर, प्रायमर आणि रंग. रंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला द्यावा, नाहीतर ठिगळ दिसते.

मात्र प्रत्येक भेग रंगाऱ्याची नसते. भेगेच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख लिहून ठेवावी. काही आठवड्यांत भेग खुणेपुढे गेली, ती तिरकी वा पायऱ्यांसारखी असेल, किंवा दरवाजा चौकटीत अडकू लागला असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवावे. अशी भेग रंगाखाली झाकणे म्हणजे धोका झाकणे. ओल असेल तर आधी गळती थांबवावी. ओलसर जिप्सम कोणताच मसाला धरत नाही.

रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणून या कामाला कोरडे दिवस लागतात. हिंदू शेजाऱ्यांची अडचण इथे जुनी आहे. अधिक महिन्यामुळे गणपती दरवर्षी पावसातच येतात, आणि ऐन श्रावणात पुट्टी वाळता वाळत नाही. हिजरी वर्षात अधिक महिना नसतो, त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. 2013 मध्ये ती 9 ऑगस्टला होती. त्या वर्षी दोन्ही घरांची गत एकच. 2025 मध्ये ती 31 मार्चला आली. सध्याची वर्षे भिंतींना सोयीची आहेत. गणपतीसाठीही भेगांचे काम मे महिन्यातच उरकून घ्यावे.

रमजानचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग मानतात, त्यांना अशरा म्हणतात. खुणेची तारीख शाबानमध्येच पडलेली बरी. पहिल्या अशऱ्यात भेगा भराव्यात, दुसऱ्यात रंग द्यावा. शेवटचे दहा दिवस इबादतीचे. त्या दिवसांत घरात शिडी आणि रंगाचा वास नको. अनेकदा रंगारीही रोजेदार असतो. शिडीवरचे काम त्याला सकाळीच करू द्यावे, घासताना तोंडावर मास्क असावा आणि अस्राच्या नमाजनंतर त्याला मोकळे करावे. शेवटच्या आठवड्यात बोलावलेल्या माणसाकडून घाईच होते आणि ओल्या पुट्टीवर रंग चढतो. ती घाई टाळली तर ईदला आलेला मुलगा परत गेल्यावर, जुलैच्या पावसातही भिंत तशीच राहील.