गुंडाळून ठेवता येणारी रणभूमी

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात किल्ला रचणाऱ्या मराठी मुलाला एक मर्म कोणी न शिकवताच उमगलेले असते, ते हे की दगडविटांच्या ढिगावर नुसती ओली माती थापल्याने डोंगर होत नाही. त्या ढिगावर चिखलाच्या रबडीत बुडवलेले गोणपाट पांघरले, जागोजागी बोटांनी दाबून खोलगटात बसवले, म्हणजेच कडे, सोंडा, घळी आणि माच्या आपसूक उमटू लागतात. गोणपाट खालच्या दगडाचा आकार घेते, आपल्या जाडसर विणीने वरच्या मातीला धरून ठेवते, आणि त्यावर पेरलेल्या अळिवाच्या किंवा मोहरीच्या मुळांनाही आधार देते. शिशाच्या अगर प्लास्टिकच्या बोटभर सैनिकांनिशी मेजावर ऐतिहासिक लढाया खेळणाऱ्यांनी अलीकडे लवचीक रणभूमी घडविण्याची जी कला पुष्कळच परिणत केली आहे, तिचे बीज मला या गोणपाटातच दिसते.

दिल्लीच्या आर. के. पुरम वसाहतीत, सरकारी क्वार्टरांच्या एका रांगेत, या कलेत निष्णात असलेले एक मराठी गृहस्थ राहतात. केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीचा हुकूम केव्हा हाती पडेल याचा भरवसा नसतो आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कायमची मांडून ठेवलेली पर्वतराजी मावत नाही. तेव्हा सगळा मुलूख सतरंजीसारखा गुंडाळून एका ट्रंकेत बसला पाहिजे, ही अट त्यांच्या कलेवर परिस्थितीनेच घातली, आणि माझ्या मते तिचा उत्कर्षही त्या अटीमुळेच झाला. ज्या वसाहतीच्या वेस्ट ब्लॉकमध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाचे हवाई सर्वेक्षणाचे दप्तर आहे, तिच्यातच कोणी फावल्या वेळात कापडावर नद्या आणि टेकड्या उठवीत बसावे, हा योग मला फार उचित वाटतो.

युद्धखेळाला भूमीची गरज मुळीच नव्हती असाही एक दीर्घ काळ होऊन गेला. आपल्या चतुरंगाच्या पटावरील चौसष्ट घरे एकमेकांसारखी सपाट असतात. तेथे ना खिंड, ना दलदल. प्रशियाच्या रायस्विट्झ नामक सरदाराने १८१२ साली राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म याला जो युद्धखेळ नजर केला, त्यात प्लास्टरच्या चौकोनी तुकड्यांवर उंचसखल प्रदेश उठवलेला होता आणि ते तुकडे हवे तसे मांडून नवी भूमी रचता येत असे. त्याच्या पुत्राने १८२४ मध्ये तोच खेळ कागदी नकाशावर आणला व सैनिकी शिक्षणासाठी सिद्ध केला. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स याने ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या सैनिकांची लढाई घरोघरच्या जमिनीवर उतरवली. मराठ्यांच्या युद्धांचा विचार करणाऱ्याला मात्र सपाट पट कधीच पुरा पडणार नाही. १६६१ च्या फेब्रुवारीत मोगल सरदार कारतलबखानाची फौज उंबरखिंडीत कोंडली गेली, तेथे सह्याद्रीनेच अर्धी लढाई लढली होती. आणि २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा दुर्ग जागतिक वारशात समाविष्ट केले, तेव्हा त्या नामाभिधानातही केवळ तटबुरुजांचा नव्हे, तर सामरिक भूप्रदेशाचा उल्लेख आवर्जून केला.

प्लास्टरची भूमी देखणी असते, पण ठिसूळ. थर्माकोलची हलकी असते, पण कडा झिजून तिची पांढरी कणी उघडी पडते, आणि दोन्हींना जागा फार लागते. रबराचा चीक साच्यात थरावर थर देऊन वाळवला तर उत्तम लवचीक तुकडे निघतात. पेणचे मूर्तिकार गणपतीचे साचे रबराचेच करतात, त्यामुळे हे द्रव्य आपल्या कारागिरांना अपरिचित नाही. परंतु त्या चिकातील अमोनियाचा दर्प बंद खोलीत सोसवत नाही, आणि उन्हाने व हवेने ते रबर काही वर्षांत चिकट होऊन पुढे तडकते. या गृहस्थांनी म्हणून ॲक्रिलिक सीलंट पत्करले. खिडकीची चौकट आणि भिंत यांमधील फट बुजवण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात ते नळकांड्यात भरलेले मिळते. सिलिकॉनचे सीलंट येथे कामाचे नाही, कारण त्यावर रंग धरत नाही. ॲक्रिलिक मात्र रंग आत मिसळूनही घेते, वरूनही घेते, आणि वाळल्यावर वाकते पण भेगाळत नाही.

कृती सांगायला सोपी, पण हाताला वळण लागायला वेळ घेणारी आहे. प्रथम जाड कॅनव्हास किंवा दुहेरी मांजरपाट प्लायवुडच्या फळीवर ताणून कडेने चुका मारतात, कारण सीलंटमधील पाणी उडू लागले की ते आकसते, आणि मोकळे सोडलेले कापड पापडासारखे वळते. मग सीलंटमध्ये मातकट रंग आणि चाळलेली वाळू कालवून, रंगारी लांबी भरण्यासाठी वापरतात त्या पोलादी पत्तीने पातळ थर ओढतात. रंग आतच मिसळण्यात मोठी खुबी आहे: पुढे कोठे खरवडले गेले तरी खाली पांढरे न दिसता मातीच दिसते. थर ओला असतानाच त्याला पोत द्यायचा. चुरगळलेल्या कागदाने टिपले की नांगरट न झालेली माळरानाची जमीन होते, जुन्या दातांच्या ब्रशाने ओढले की चाकोऱ्या पडतात, आणि वरून बारीक खडी भुरभुरून तळव्याने दाबली की ओढ्याचा काठ तयार होतो. दिल्लीच्या जूनमध्ये लू वाहत असता वरचा पापुद्रा आतल्या थराआधी सुकून भेगा पडतात, म्हणून ओले फडके अंतरावर टांगावे लागते. जानेवारीच्या धुक्यात तोच थर दोन-दोन दिवस ओला राहतो. थर पुरता वाळल्यावर कोरड्या कुंचल्याने फिका रंग नुसत्या उंचवट्यांवरून फिरवला की बोटाच्या पेराएवढ्या जागेत ऊन पडल्याचा भास होतो. पिकाच्या शेतासाठी काथ्याचे पायपुसणे कापून घेतात. उभ्या गव्हाचा इतका हुबेहूब देखावा दुसऱ्या कोणत्याही जिनसेने साधत नाही.

या सगळ्या सरंजामात मला अत्यंत मोलाची वाटते ती त्यांची यमुना. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले, त्या प्रसंगासाठी ती घडवली आहे. हिवाळ्यात यमुनेचे पात्र फाटून मध्ये बेटे उघडी पडलेली, बेटांवर स्वाराला झाकील असे उंच गवत आणि झाऊचे रान, त्या रानात अफगाण सरदार नजीबखानाचे बंदूकधारी रोहिले दबा धरून बसलेले, आणि समोरून भाले-तलवारीनिशी येणाऱ्या मराठी स्वारांना शत्रू किती व कोठे आहे याचा थांगही नाही: त्या दिवसाची सारी करुणता या भूरचनेत साठलेली आहे. ग्रंथात हे वाचताना दत्ताजींचे अतुल शौर्य मनात भरते. मेजावर वाकून, डोळा सैनिकाच्या उंचीवर आणून पाहिले म्हणजे त्या गवताची भीती कळते. येथे सैनिक पंधरा मिलीमीटर उंचीचे, स्वार साधारण पंचवीस, आणि म्हणून काथ्याचे झुपके तिसाच्या खाली कापलेले नाहीत. प्रत्येक झुपका सीलंटच्या थेंबात उभा केलेला असल्याने कापड गुंडाळताना तो आडवा होतो आणि पुन्हा पसरल्यावर बोट फिरवताच उठून उभा राहतो. पाण्याला चकाकी आणण्यासाठी साधे व्हार्निश चालत नाही, पहिल्याच गुंडाळीत ते तडकते; त्याऐवजी चकचकीत ॲक्रिलिक माध्यमाचे चार-पाच पातळ हात दिलेले आहेत. कापडाखाली टपाली पुठ्ठ्याची पट्टी सरकवली की बेट जरा वर येते, काढली की ते पाण्यात जाते, त्यामुळे पात्रातले पाणी कमी-अधिक धरून तोच प्रसंग निरनिराळ्या रीतींनी तपासून पाहता येतो. रोहिल्यांच्या मूर्ती आरंभी मेजावर मांडतच नाहीत. त्यांची ठिकाणे तिसऱ्या माणसापाशी चिठ्ठीत लिहून ठेवतात, आणि स्वार गवताला भिडल्यावरच त्या प्रकट होतात.

सध्या त्यांच्या फळीवर तालकटोऱ्याची जमीन ताणलेली आहे. १७३७ च्या मार्चमध्ये पहिल्या बाजीरावाच्या फौजेची बादशाही सरदारांशी त्या बाजूला गाठ पडली. दिल्लीच्या ‘रिज’ या टेकड्यांच्या रांगेवरचा तांबूस गारगोटीचा खडक दाखवायचा, तर कापडावर कठीण असे काही बसवणे भाग आहे, आणि कठीण वस्तू गुंडाळली जात नाही. तोड म्हणून बुचाच्या सालीचे लहान लहान तुकडे फोडून, दोन ओळींमध्ये बोटभर फट ठेवून ते चिकटवण्याचे काम चालू आहे. कापड त्या फटींत मुडपेल, आणि पसरल्यावर फटी दिसू नयेत म्हणून त्यांत वाळलेल्या गवताचा चुरा भरला जाईल.